ठोकून पाहिलेली भिंत

थापाडेकाकांना थापाडे म्हणतात यात त्यांचा काडीचाही दोष नाही. हा माणूस खोटं बोलायला गेला तर आधी त्याचे कान लाल होतात आणि मग तो स्वतःच गप्प बसतो. पण गवंड्याच्या हातात थापी असते, थापीने तो भिंतीवर सिमेंट-वाळूच्या मालाच्या थापा मारतो, आणि त्यांच्या मेव्हण्याला तेवढं निमित्त पुरलं. "आमचे दाजी दिवसभर थापा मारतात आणि लोक वर त्यांना चहा पाजतात," असं तो जिथे काम असेल तिथे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचा. मेव्हण्याचं काम माल कालवायचं आणि घमेली वर चढवायचं. तोंडाला काही काम नसायचं, म्हणून ते चालू असायचं. नाव असं चिकटलं की आता काकांची बायकोसुद्धा फोन उचलला की "हो, थापाड्यांचंच घर," म्हणते.

काकांची खरी ख्याती मात्र भोकं बुजवण्यात होती. भिंतीत भेग दिसली, कोपऱ्यात खोबण दिसली, की त्यांना चैन पडत नसे. मेव्हण्याच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा काका दवाखान्यात भेटायला गेले आणि सगळा वेळ खाटेमागच्या चिरेकडे बघत बसले. शेवटी मेव्हणाच कण्हत म्हणाला, "दाजी, दुखणं माझ्या पायाला आहे, भिंतीला नाही."

आणि त्यांची एक पद्धत होती. कुठलंही भोक बुजवायच्या आधी ते थापीच्या दांड्याने आजूबाजूला ठोकत आणि भिंतीला कान लावत. आत उंदीर असेल, खार असेल, पाल असेल, तर ती खुडबुडते. तिला बाहेर काढायचं आणि मगच माल भरायचा. जिवंत जीव भिंतीत चिणायचा नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला कायदा होता. घाईत असले तरी ठोकल्याशिवाय पुढे जात नसत. दुसरे गवंडी यावर हसायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे.

तर अशा माणसाकडे त्या जुन्या दगडविटांच्या इमारतीचं काम आलं. इमारत रंगवायची होती, आणि रंगाच्या आधी सगळ्या भिंती डागडुजी करून गुळगुळीत करायच्या होत्या. छपराच्या पट्टीखाली विटा निसटून भोकांची रांगच पडली होती. त्यांत पाकोळ्या राहायच्या. पाकोळी म्हणजे कोयत्याच्या पात्यासारख्या पंखांचा, काळपट, सदा घाईत असलेला पक्षी. तारेवर बसणं नाही, झाडावर बसणं नाही. सगळं आयुष्य हवेत काढायचं आणि घर करायला तेवढं भिंतीतलं भोक शोधायचं. खालच्या मजल्यावरचे लोक मात्र वैतागले होते. वाळत घातलेल्या कपड्यांवर पिसं पडतात, घाण पडते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काकांना वर बोट करून दाखवलं आणि सांगितलं, "एकही भोक राहता कामा नये, काका. तुमचं नाव ऐकूनच बोलावलंय."

काकांना हे ऐकून बरं वाटलं. कोणाला वाटणार नाही?

बांबूंची परांची बांधली. पहिल्या दिवशी कोपऱ्यातलं, उन्हाच्या बाजूचं भोक बुजवून झालं. दुसऱ्या दिवशी बाकीची रांग. काका प्रत्येक भोकाशी गेले, दांड्याने ठोकलं, कान लावला. आत चिडीचूप. पाकोळ्या दिवसभर बाहेरच, आकाशात भिरभिरत होत्या; घरं रिकामी दिसतायत, असं काकांनी मेव्हण्याला सांगितलं. मग विटेचे तुकडे बसवले, माल भरला, वरून माल सपाट करायचा लाकडी रंधा असा फिरवला की भोक कुठे होतं हे शोधूनही सापडू नये. संध्याकाळी खाली उतरून त्यांनी मान वर करून भिंत पाहिली. डोक्यावरून पाकोळ्यांचा थवा चिरचिरत गेला, भिंतीपाशी वळला, परत आला, परत वळला. "आज काय बिथरल्यात," मेव्हणा म्हणाला. काका एव्हाना थापी धुवायला बसले होते. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घमेलं भरायच्या आधीच सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या ताई जिना उतरून आल्या. या ताई घरी शिवणकाम करायच्या. त्यांचं मशीन छपराच्या पट्टीखालच्या भिंतीला लागून होतं. गळ्यात टेप तशीच होती.

"काका, जरा वर या. भिंत ओरडतेय."

"भिंत?"

"या तर खरं."

काका गेले. खोलीत कापडाचे तुकडे, दोऱ्यांची रिळं, अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. ताईंनी मशीनमागची जागा दाखवली. काकांनी सवयीप्रमाणे खिशातला हातोडा काढला, दांड्याने भिंतीवर ठोकलं आणि कान लावला. काहीच नाही. पुन्हा ठोकलं, पुन्हा ऐकलं.

"काही नाही, ताई. भास झाला असेल. तुमच्या मशीनचा आवाज..."

"मशीन बंद केल्यावरच ऐकू आलं मला. तुम्ही ठोकू नका. नुसते बसा."

काका शिवणाच्या स्टुलावर बसले. हातोडा मांडीवर. रस्त्यावरून एक गाडी गेली, खाली कुणीतरी बादली आपटली. मग भिंतीतून, अगदी कानाशी, बारीक चिरचिर आली. एक, मग तिच्यात दुसरी मिसळली. भुकेचा आवाज कुठल्याही जातीचा असो, ओळखू येतो. घरात लहान मूल वाढवलेल्या माणसाला तर येतोच.

काकांनी हात लांब करून भिंतीवर हलकेच ठोकलं. आवाज तत्काळ बंद.

"धक्का बसला की ती निपचित पडतात हो," ताई म्हणाल्या. "शेजारचं दार आपटलं तरी गप्प होतात. इतकी वर्षं इथे बसून शिवतेय, मला माहीत आहे. तुम्ही एकदा मला विचारायचं होतं; परांची नुसती रंगासाठी आहे असं समजले मी."

काकांनी हात मागे घेतला. ठोकलं म्हणूनच तर त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. जीव वाचावा म्हणून जी काळजी ते आयुष्यभर घेत आले, तिनेच पिल्लांची तोंडं बंद केली होती आणि मग त्यांनी निश्चिंत मनाने माल भरला होता. उंदीर खुडबुडतो, खार पळते. भिऊन गप्प बसणाऱ्याचं काय, हा विचार त्यांना कधी शिवलाच नव्हता. आणि आजवर बुजवलेल्या त्या सगळ्या भिंती? शहराच्या निम्म्या जुन्या इमारतींवर त्यांचा हात फिरला होता. हल्ली संध्याकाळी आकाश रिकामं दिसतं, डास वाढलेत, असं ते स्वतःच घरी म्हणायचे. पाकोळ्या कुठे गेल्या कोण जाणे, म्हणायचे. आता कुणी विचारलं असतं तर त्यांना मान वर करता आली नसती.

ते उठले ते थेट परांचीवर चढले. त्यांचं वय बघता मेव्हणा खालून ओरडत राहिला, "दाजी, सावकाश!"

पंचाईत अशी होती की काम उत्तम झालं होतं. वाईट गवंड्याने बुजवलेलं भोक हाताने उकललं असतं. इथे माल घट्ट धरला होता आणि तो पक्का व्हावा म्हणून मेव्हण्याने त्यावर मन लावून पाणी मारलं होतं. छिन्नी-हातोडा चालवला तर विटेचा तुकडा आत पिल्लांवर कोसळणार. म्हणून काकांनी छिन्नी हातात धरूनच खरवडायला सुरुवात केली, हातोड्याशिवाय. बोटांची सालं निघाली. मेव्हणाही वर आला. तोंडाने एक अक्षर न बोलता तो पडणारा चुरा घमेल्यात झेलत होता, आणि तो गप्प आहे म्हटल्यावर खाली जमलेल्या लोकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

सेक्रेटरी धावत आले. "काका, हे काय चाललंय? काल बुजवलं, आज उकरताय?"

"आत पिल्लं आहेत."

"अहो, पण रंगारी उद्या येतोय!"

"येऊ दे. त्याला चहा पाजा."

पहिलं भोक उघडलं तेव्हा आतून पिसांचा आणि काडीकचऱ्याचा उबट वास आला, आणि अंधारात दोन गुलाबी चोची एकदम उघडल्या. काकांनी डोकं मागे घेतलं तोच त्यांच्या कानाला चाटून एक पाकोळी आत शिरली. ती बाजूलाच घिरट्या घालत असावी. काकांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. ताई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या. "आहेत ना? आहेत ना?" त्या विचारत होत्या. "आहेत," काका म्हणाले, "जेवायला बसलीत."

एकेक करत रांग उघडत गेली. प्रत्येक भोकापाशी त्यांचा जीव टांगणीला लागे आणि आतून चिरचिर आली की भांड्यात पडे. खालचे लोकही आता मान मोडेपर्यंत वर बघत होते. कपड्यांवरच्या घाणीबद्दल सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्या काकूंनीच शेवटी पाण्याचा तांब्या वर पाठवला.

कोपऱ्यातलं भोक शेवटी राहिलं, कारण तिथवर परांची सरकवावी लागली. ते पहिल्या दिवशीचं. त्यावर पूर्ण दिवसाचं ऊन पडलेलं, माल अगदी दगड झालेला. काकांनी ते उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग हात घालून त्यांनी दोन पिल्लं बाहेर काढली आणि तळहातावर ठेवली. पंखांना पिसं फुटलेली होती, आणखी थोड्याच दिवसांत उडाली असती. मेव्हण्याने गळ्यातला रुमाल काढून पुढे केला. काकांनी पिल्लं त्यात गुंडाळली.

संध्याकाळी इमारतीच्या पायरीवर बैठक बसली. ताईंनी ठणकावून सांगितलं की या पाकोळ्या दरवर्षी त्याच भोकात परत येतात. या वर्षी पिल्लं उडाल्यावर बुजवली तर पुढच्या वर्षी त्या भिंतीवर डोकी आपटतील. काका म्हणाले, "भोकांच्या कडा मी नीट बांधून देतो, खाली पुढे आलेली एक पट्टी बांधतो, म्हणजे घाण कपड्यांवर पडणार नाही." कुणीतरी विचारलं, "पण भिंतीला काही फायदा?" इथे एखादी थाप चालून गेली असती, भिंतीला हवा लागते वगैरे. "भिंतीला काही फायदा नाही," काका म्हणाले. "थोडी ओल येईल. ती बघायला मी दर पावसाळ्यात येत जाईन."

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त वेळेत रंग लागायला हवा होता. त्यांनी मान डोलावली. सगळे उठल्यावर ते काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाकीची राहू देत. पण ते कोपऱ्यातलं तेवढं बुजवून टाका. समोरून अगदी दर्शनीच दिसतं. आणि आता आत कोणी नाहीच ना?"

काकांनी वर पाहिलं. उजेड अजून होता. एक पाकोळी आकाशातून सरळ कोपऱ्याकडे आली. किड्यांनी भरलेला तिचा गळा फुगलेला स्पष्ट दिसत होता. ती भोकात शिरली. थोड्या वेळाने बाहेर आली, आणि गळा तसाच फुगलेला होता. एक घिरटी घालून ती पुन्हा आत गेली.

"कोणी नाही," काका म्हणाले. "पण तिला कोण सांगणार?"

पाकोळी बाहेर आली, आणि दोघेही ती परत येते का ते बघत उभे राहिले.