आव्देयेव आणि इतर

सावेली मिरोनोविच यात्सिनाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहायला बसले आहे. मला तो अधिकार आहे असं नाही. ज्यांनी त्याचं वाटोळं केलं त्यांच्यात माझा नंबर वरचा लागतो. बाकीचे मरून गेले, मी उरले, एवढाच काय तो अधिकार.

बेर्द्यान्स्कच्या आमच्या कारखान्यात जहाजांचे दिवे बनायचे. यात्सिना तिथे टूलरूममध्ये फिटर होता आणि मी, रिम्मा गेलमान, शोध व सुधारणा विभागात. विभाग म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक मी. कामगाराने काही नवं शोधलं की त्याचं म्हणणं नीट भाषेत लिहायचं, आकृत्या जोडायच्या आणि मॉस्कोच्या समितीकडे रजिस्टर पत्राने पाठवायचं. समितीला पटलं की तांबड्या फितीचं, मोठ्या शिक्क्याचं प्रमाणपत्र यायचं. ते लोक काच लावून पलंगाच्या वर टांगायचे. पाहुण्याने तिकडे मान वर करून बघितलं नाही तर यजमानीणबाई स्वतः त्याची मान वळवायच्या.

यात्सिना बुटका, मोठ्या कानांचा माणूस. विचारात असला की खारवलेल्या माशाची शेपटी चघळायचा, त्यामुळे त्याच्या अर्जांना कायम माशाचा वास यायचा. त्याचं वैर एकाच गोष्टीशी, टॉर्चमधल्या सेलशी. सेल दुकानात मिळायचे नाहीत आणि मिळाले तर महिन्याभरात पाझरायचे. म्हणून आमच्याकडे हाताने दाबायचा दिवा घरोघर असे. मूठ दाबली की आतलं चाक फिरायचं, भुणभुण व्हायची आणि दिवा लागायचा. त्याला सगळे भुंगा म्हणत. भुंगा काही यात्सिनाने शोधलेला नव्हता, तो आधीपासूनच होता. पण दाबणं थांबलं की उजेड गुल. एका हाताने पाना धरायचा, दुसऱ्याने बोल्ट धरायचा, मग भुंगा काय दातांनी दाबायचा? यात्सिनाने त्यात जड काठाचं चाक बसवलं आणि मूठ सैल सोडली तरी ते फिरत राहील अशी खाच काढली. पाच वेळा दाबा आणि सावकाश दहा मोजा, तोवर उजेड. वाचायला ही लहानशी गोष्ट वाटते. अंधाऱ्या तळघरात गळकी नळी बसवणाऱ्याला विचारावं.

अर्ज मी लिहिला आणि सहीसाठी संचालक बोरोदाय यांच्याकडे नेला. त्यांनी पहिलं पान उलटून मागे बघितलं, जणू मागे अजून काही असायला हवं होतं.

"एकटाच?" ते म्हणाले.

"एकट्यानेच शोधलंय."

"रिम्मा, कारखान्यात एकट्याने कोणी शोधत नाही. लेथ कोणाचा? वीज कोणाची? त्याला सुट्टी कोणी दिली?"

ही आमच्याकडची रीत. लिहिलेली कुठे नव्हती आणि मोडलेली कोणी पाहिली नव्हती. साहेबांची सही हवी तर त्यांचं नाव अर्जात घ्यायचं. मुख्य अभियंता आव्देयेव आले, स्वतः बोरोदाय आले, पक्षाचे सचिव व्होलिक आले, टूलरूमचे प्रमुख गोर्लोव आले. नावं अक्षरांच्या क्रमाने लावायचा नियम होता. आमच्या लिपीतलं अगदी शेवटचं अक्षर 'या'. गंमत म्हणजे त्याच अक्षराचा अर्थ 'मी'. त्यामुळे यात्सिना कुठल्याही यादीत शेपटाला. तेव्हा तो नुसता हसला आणि म्हणाला, "असू द्या हो, मागून मोजलं तर मीच पहिला."

वर्षभराने प्रमाणपत्र आलं आणि गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. त्याच्या बायकोने, पाशाने, घरी जर्दाळू भरून वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या केल्या, नातेवाइकांना बोलावलं. तिचा भाऊ देम्यान याने सगळ्यांसमोर वर्तमानपत्र उघडून वाचलं, "आव्देयेव आणि इतर यांनी तयार केलेला नवा हातदिवा." मग त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि बहिणीला म्हणाला, "पाशा, उगाच तोंड पाडू नकोस. तुझ्या नवऱ्याचं नाव छापलंय की. हे बघ. इतर."

त्या दिवसापासून त्याचं नाव इतर पडलं. "इतर, चहा आणायची पाळी तुझी." "इतरला विचारा, त्याला ठाऊक असेल." बाजारात मासेवाल्या पाशाला इतरीणबाई म्हणू लागल्या. पहिलं वर्षभर यात्सिना हसण्यावारी नेत होता. दुसऱ्या वर्षी त्याने हसणं सोडलं, आणि लोकांना तर मग जास्तच चेव आला.

पुढे तीन वर्षं तो गप्प होता. त्या काळात त्याने बेडूक केला.

किनाऱ्यावर बचाव केंद्र होतं. उन्हाळ्यात सुट्टीला आलेले पाहुणे बुडायचे आणि केंद्राचे पाणबुडे त्यांना शोधायला जायचे. पायांना रबरी पंख लावून पोहताना ते अर्ध्या तासात गळून जात. नौदलाकडे पाणबुड्याला ओढून नेणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रं असतात हे यात्सिनाला कोणीतरी सांगितलं. बॅटरी म्हणताच त्याच्या कपाळावर आठी चढली. सायकलची दातेरी चाकं, जुन्या पंपाचा पंखा आणि घोड्याच्या रिकिबी घेऊन तो पोटाला बांधायचं एक यंत्र करून बसला. पाय रिकिबीत घालायचे, बेडकासारखे जवळ घ्यायचे आणि लांब करायचे. मागे पंखा फिरायचा आणि माणूस पाण्याखालून सरळ पुढे जायचा. ना तेल, ना बॅटरी.

ते तपासून बघणं मात्र महाकठीण. आमचा अझोव समुद्र असा, की कंबरेएवढं पाणी लागायला पाव तास चालत जावं लागतं. यात्सिना पोटाला यंत्र बांधून चालतोय, पाणी काही गुडघ्याच्या वर येत नाही, आणि चिखलस्नानाला आलेल्या बाया किनाऱ्यावरून ओरडतायत, "आजोबा, सायकल उलटी घातलीत." शेवटी बंदराच्या धक्क्याच्या टोकाशी, जिथे तीन पुरुष पाणी आहे तिथे, केंद्रातला ग्लेब नावाचा पाणबुडा बेडूक बांधून उतरला. मीही बघायला गेले होते. आम्ही सगळे पायाखालच्या पाण्यात बघत उभे, आणि ग्लेब पार पलीकडे, खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल पिंपाशी वर आला. परत आल्यावर मुखवटा काढून म्हणाला, "सावेली मिरोनोविच, दमच लागला नाही. अजून एकदा जाऊ का?"

यात्सिनाने खिशातून माशाची शेपटी काढली आणि तिच्याकडे बघत राहिला.

चार मार्चला सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. धुतलेला सदरा घालून आला होता.

"रिम्मा ओसिपोव्ना, अर्ज लिहा. आणि नाव एकच."

"सावेली मिरोनोविच, तुम्हाला माहीत आहे ना..."

"माहीत आहे. भुंगा दिला त्यांना. तो घ्या म्हटलं, पोट भरा. हा नाही देणार. हा गेला तर जाऊ दे, समुद्रात बुडवीन. पण पाशाला एकदा वर्तमानपत्र दाखवायचंय, ज्यात मी आहे. दुसरं मला काही नको. बक्षीसही नको."

मी अर्ज लिहिला. मन लावून लिहिला, आयुष्यात तेवढा चांगला दुसरा लिहिला नाही. संध्याकाळी त्याने सही केली आणि विचारलं, "आजच जाईल ना? तारखेवर असतं म्हणतात. आधी ज्याचं पत्र टपालात पडलं त्याचा शोध."

"आजच," मी म्हणाले.

लिफाफा घेऊन मी संचालकांकडे गेले, कारण त्यांचा शिक्का लागायचा. बोरोदाय यांनी नाव वाचलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"शिक्का मारतो," ते म्हणाले, "पण राहू द्या तुमच्याकडे थोडे दिवस. त्याला समजवा. चार नावांची जागा सोडून नवं पान टाइप करून ठेवा." आणि तसंच, आवाज न बदलता, "जूनमध्ये नव्या इमारतीतल्या घरांची यादी होते आहे. तुम्ही आईबरोबर अजून त्या सामाईक स्वयंपाकघराच्या खोलीतच ना?"

मी मान डोलावली. एकाच मानेत दोन्ही गोष्टींना होकार देऊन मोकळी झाले. लिफाफा खणात टाकला. दुसऱ्या दिवशी यात्सिनाने विचारलं, "गेलं?"

"गेलं."

"पावती?"

"फाईलला लावली."

त्याने फाईल उघडून बघायला मागितली नाही. ज्या माणसाने दुसऱ्याचा स्क्रू कधी न मोजता वापरला नाही, त्याने माझा शब्द न मोजता घेतला.

तेवीस दिवस ते घोंगडं भिजत पडलं. मी त्याला समजवायलाही गेले नाही, कारण समजवायला गेले असते तर पत्र गेलं नाही हे सांगावं लागलं असतं. मग बोरोदाय पाठदुखीच्या उपचाराला महिनाभर डोंगरात गेले, आणि मी सत्तावीस मार्चला धावत जाऊन पत्र टपालात टाकलं. परत येताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की बघा, किती धाडस केलं. जूनमध्ये मला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून समुद्र दिसतो. आई घरातला स्वतःचा नळ सोडून पाण्याकडे नुसती बघत बसायची.

डिसेंबरात समितीचं उत्तर आलं. अर्ज नामंजूर. अगदी असंच यंत्र दुसऱ्या एका शहरातल्या संस्थेने पाठवलं होतं, सोळा मार्चला.

मला वाटलं यात्सिना कोसळेल. त्याने कागद वाचला, बोटांवर मोजलं आणि चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"सोळा. आणि आपलं चारचं. बारा दिवस आपण पुढे आहोत, रिम्मा ओसिपोव्ना. गाढवांनी तारीखच नीट बघितली नाही. लिहा, हरकत लिहा."

तेव्हा सांगायचं होतं. घर मिळालेलं होतं, ते कोणी काढून घेणार नव्हतं. म्हणजे घरासाठी गप्प बसले हे सोंगसुद्धा आता राहिलं नव्हतं. मी मूग गिळून मशीनमध्ये कागद घातला आणि तो सांगेल तसं टाइप केलं. 'माझा अर्ज चार मार्च रोजी टपालाने रवाना झाला असून...' तो माझ्या मागे उभा राहून शब्द न शब्द वाचत होता. समिती कुठे जुने लिफाफे उपसत बसणार, असं मी मनाला समजावत होते.

समितीने लिफाफा उपसला. उत्तर यात्सिनाला नाही, कारखान्याला आलं. टपालाचा शिक्का सत्तावीस मार्चचा असून अर्जदाराने राज्याच्या समितीला जाणूनबुजून खोटी तारीख कळवली आहे, त्याला समज द्यावी. बोरोदाय यांनी ते कामगारांच्या सभेत वाचायला लावलं. ते पहिल्या रांगेत बसले होते, पाठ आता बरी होती.

सभेचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे असे. मी व्यासपीठाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. व्होलिकने पत्र वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, "खोटारडा इतर," आणि थोडे लोक हसले. फार नाही.

"कॉम्रेड यात्सिना, काही सांगायचंय?"

तो उभा राहिला. टोपी हातात होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बिघडलेल्या वस्तूचा बिघाड नेमका कुठे आहे हे सापडल्यावर तो जसा बघायचा तसं पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याने एक शब्द उच्चारला असता तर दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं, माझी नोकरी गेली असती, बोरोदायना निदान घाम तरी फुटला असता. तो थांबला. तो मला वेळ देत होता, हे मला तेव्हाही समजत होतं. सभागृहात शंभरेक माणसं होती आणि मी पेन धरून खाली बघत होते.

"माझी चूक झाली," यात्सिना म्हणाला. "तारीख माझ्या ध्यानात नीट राहिली नाही." आणि तो बसला.

मी लिहिलं, 'कॉम्रेड यात्सिना यांनी चूक मान्य केली.'

नियमाप्रमाणे ज्याचं बोलणं नोंदवलं त्याची सही लागते. दुसऱ्या दिवशी तो आला. मी कागद पुढे केला. मनात वाक्य तयार होतं, रात्रभर घोळवलं होतं. "सावेली मिरोनोविच," मी सुरुवात केली.

त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि सही केली.

"बरोबर लिहिलंय, कॉम्रेड गेलमान," तो म्हणाला. "तारीख घालायची राहिलीय. ती तुम्ही घाला."