गाडी गिअरमध्येच होती

टर्नरबाईला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही तिला कधी झाली नाही. घरात एक ड्रायव्हर पुरे, असं ती म्हणायची. तिचं काम लेथवर. लोखंड फिरतंय आणि आपण जागच्या जागी उभे आहोत, हा व्यवहार तिला पटायचा. नवऱ्याचा व्यवहार याच्या बरोबर उलटा. तो लोखंडात बसून उभं आयुष्य फिरत राहिला.

त्या लोखंडाचं नाव म्हैस. चारही चाकांना जोर असलेला जुना ट्रक, काळा, रुंद, मान खाली घालून उभा असल्यासारखा. बंद पडलेल्या दगडखाणीच्या वर एक वस्ती होती, तिथे पाण्याची टाकी घेऊन चढणारी दुसरी गाडी नव्हती. म्हैस चढायची. धूर ओकत, शिव्या दिल्यासारखा आवाज काढत, पण चढायची. वस्तीतल्या बायका आवाज ऐकूनच हंडे बाहेर काढायच्या.

मग ड्रायव्हरच्या फुफ्फुसांनी संप केला. आधी खाणीची धूळ, मग इतक्या वर्षांचा डिझेलचा धूर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आता धुराचा वाससुद्धा नको. म्हशीच्या केबिनचा तळ गंजून चाळण झालेला, धूर पायाखालून वर येणार. तरी हा शहाणा एकदा बायको कामावर गेलेली पाहून किल्ली घेऊन निघाला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने त्याला स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं पाहिलं आणि उचलून घरी आणलं. ओठ जांभळे पडलेले.

त्यानंतर त्याने भिंतीकडे तोंड केलं. घरात दोनच खोल्या. मागच्या खोलीत त्याची कॉट, उशाशी ऑक्सिजनचं घरघरणारं यंत्र. तिथे तो कुशीवर पडून राहायचा. ताट समोर ठेवलं की दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. टर्नरबाईने समजावून पाहिलं, टोमणे मारून पाहिले, रडून पाहिलं. रडणं तिला अजिबात जमत नाही, ते लगेच भांडणावर जातं.

"काय दिसतं हो त्या भिंतीत?"

"भिंत."

एवढंच. त्याच्या विजारीची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागत होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "औषधं चालू आहेत, पण माणूसच चालू नाही. त्याला कशात तरी गुंतवा." गुंतवा! जणू काय तो विणकाम करणार होता. त्याला एकच गोष्ट येत होती आणि नेमकी तीच त्याला मारत होती.

तोडगा धाकट्या दिराने काढला. तो वायरमन, विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत कामाला.

"वहिनी, म्हशीला करंट देऊ या."

"मेली तर?"

"आत्ता काय नाचतेय?"

अपघातात चेपलेल्या एका विजेच्या गाडीची मोटर आणि बॅटऱ्या भंगारात पडून होत्या, त्या त्याने हेरून ठेवल्या होत्या. वायरिंग त्याचं. पण मोटर म्हशीच्या जुन्या गिअरबॉक्सला जोडायची तर मध्ये एक जाड प्लेट हवी आणि दोन दांडे एका रेषेत धरणारी जोडणी हवी. ती बाजारात मिळत नाही, बनवावी लागते. आणि बनवणार कोण, हे विचारायचीही गरज नव्हती.

अंगणात इंजिन काढलं त्या दिवशी साखळीचा कप्पीवर खडखडाट झाला. मागच्या खोलीत नवऱ्याने चादर डोक्यावरून ओढून घेतली. ती दारात उभी राहिली, हातापायांना ग्रीस. आपण याला वाचवतोय की याच्या देखत याचं काळीज उपसतोय, हे तिचं तिलाच कळेना. पण थांबायलाही सवड नव्हती. तो रोज वाळत चालला होता.

पहिली प्लेट केसभर चुकली. केसभर म्हणजे अक्षरशः. मोटर फिरवली तर सगळी चासी हिवताप आल्यासारखी थडथडली. तिने ती प्लेट काढली, कारखान्यात नेली आणि तिथल्या भिंतीवर फेकून मारली. भिंतीचा पोपडा उडाला, मालक तिचा चेहरा बघून दुसऱ्या मशीनकडे वळला. दुसरी करताना तिने जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग कापून काढला, नव्या जोडणीत बसवला, मापाची डायल लावून पुन्हा पुन्हा तपासला. मग टेबलावर मोटरचा दांडा एका बोटाने फिरवून पाहिला. कसा लोण्यासारखा फिरला! करंट नसला की मोटर म्हणजे नुसता पंखा. ती खूश झाली. तेव्हा तिला एवढंच दिसलं की रेष जुळली.

क्लच गेला, त्याचं पेडल गेलं. बॅटऱ्या निम्म्या बॉनेटखाली, निम्म्या टाकीच्या बैठकीखाली. हँडब्रेकची केबल कितीतरी वर्षांपूर्वी तुटलेली, दांडा नुसता लोंबत होता. ती तिच्या डोळ्यांना खुपली, म्हणून तिने नवी केबल टाकली आणि दांड्याला नवा खुंट केला. अर्धवट काम तिला खपत नाही.

नवऱ्याला उठवणं हे त्याहून जड काम निघालं.

"चला, म्हैस तयार आहे."

"ती म्हैस नाही. खेळणं आहे."

"खेळण्यात बसा. नाहीतरी पडून पडून बाळच झालंय तुमचं."

ते त्याला लागलं. तो उठून बसला. उठला तो रागाने, पण उठला. छोटा सिलिंडर बरोबर घेऊ या, असं ती म्हणाली तर तो भडकला. "नळी लावून गाडी चालवू? वस्तीवरच्या बायका हसतील." हसल्या तर हसल्या, असं तिला ठासून म्हणायचं होतं. पण तो शर्टची बटणं लावत होता. किती दिवसांनी! तिने सिलिंडर तिथेच ठेवला. इथेच ती चुकली, पण अशा वेळी कोण बरोबर वागतं?

दिराने सगळं समजावून सांगितलं. क्लच नाही. गिअर गाडी उभी असतानाच टाकायचा. पाय उचलला की उतारावर मोटर स्वतःच गाडी मागे ओढून धरते, इंजिन धरायचं तशी. शेवटी टर्नरबाई म्हणाली, "हँडब्रेकही केलाय हं."

"हं," तो म्हणाला. त्याचा डावा पाय नसलेलं पेडल शोधत हवेत हलत होता.

टर्नरबाई शेजारी बसली आणि म्हैस निघाली ती बिनआवाजाची. खडी चाकाखाली चिरडते तेवढाच आवाज. चढ सुरू झाला, त्याने चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा टाकला आणि ती कुरकुर न करता वर चढली. त्याची पाठ सीटवरून सुटून पुढे आली होती. एका वळणावर थोडा उतार लागला. त्याने पाय उचलला आणि गाडी खरंच मागे धरली गेली. त्याच्या मिश्या हलल्या.

"धरते गं," तो म्हणाला.

टर्नरबाईने खिडकीबाहेर पाहिलं. त्याने आपले डोळे बघू नयेत म्हणून.

वर खाणीच्या जुन्या वजनकाट्यापाशी त्याने गाडी उभी केली. नेहमी तिथेच उभी करायचा. हंडे बाहेर आले नव्हते, येणार कसे? कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. "हाक मारून येतो," तो म्हणाला. किल्ली फिरवून मोटर बंद केली, पहिला गिअर टाकला आणि उतरला. आयुष्यभर असाच उतरत आला होता. बंद इंजिन गिअरमध्ये दाबून धरायचं, म्हशीला पहाडासारखं रोवून ठेवायचं. हँडब्रेकची केबल तुटल्याचं दुःख त्याला म्हणूनच कधी झालं नव्हतं. आणि हे बायकोला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवून ठाऊक नव्हतं, कारण ती कधी उतारावर गाडीतून उतरलीच नव्हती.

आधी तिला वाटलं, वजनकाट्याची खोली पुढे सरकतेय.

म्हैस मागे चालली होती.

"अहो!"

तो वळला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग तो ओरडला, "गिअरमध्ये आहे! गाडी गिअरमध्येच आहे!" आणि धावत सुटला. चार पावलं चालताना धाप लागणारा माणूस उतारावरून गाडीमागे धावला. जणू काय धरून थांबवणारच होता.

टर्नरबाईला पेडलं कुठली काय करतात ते माहीत नव्हतं. पण तो दांडा तिने स्वतः बसवला होता. दोन्ही हातांनी धरून, पाय डॅशबोर्डला रोवून तिने तो ओढला. नवी केबल करकरली, ताणली, मग धरली. म्हैस घसरत, तिरकी होत दगडांच्या ढिगाला पार्श्वभाग टेकून थांबली. मागची फळी मोडली. बॅटऱ्यांच्या पेटीला ओरखडाही नाही, पण हे तिने नंतर पाहिलं. आधी ती खाली उडी मारून पळाली.

तो रस्त्यावर गुडघ्यांवर होता. छाती भात्यासारखी, पण भात्यात हवाच जात नव्हती. ओठ पुन्हा तेच, जांभळे. यंत्र खाली घरी. सिलिंडर खाली घरी. वर येणारी दुसरी गाडी नाही, आणि असलेली गाडी चालवणारा एकच माणूस, तो हा असा.

"उठा. अहो, उठा ना! तुमच्या पाया पडते, उठा!"

तिने त्याला काखेत धरून, ओढून, ढकलून सीटवर चढवलं. त्याने किल्ली फिरवली. पाय दाबायला अंगात जोर होता की नव्हता कोण जाणे, पण म्हैस ढिगापासून सुटली आणि खालच्या रस्त्याला लागली. स्टिअरिंग त्याचं, हँडब्रेकचा दांडा तिच्या दोन्ही मुठीत. प्रत्येक वळणावर तो बोलायच्या ऐवजी बोट उचलायचा आणि ती दांडा थोडा ओढायची. मध्येच त्याची मान पडायची.

"झोपू नका! भांडा माझ्याशी!"

"गिअरमध्ये... होती."

"गिअर इंजिनाला धरायचा! इंजिन कुठाय आता? बंद मोटर नुसती मोकळी फिरते!"

"सांगायचं... मग."

"मला काय माहीत तुम्ही गाडी अशी सोडून उतरता! हँडब्रेक कशाला असतो मग?"

"बायकांच्या... गाडीला."

एरवी या वाक्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या उतारावर तिने नुसतं म्हटलं, "पुढे बघा."

दीर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. दोघांनी मिळून नवऱ्याला आत नेलं, मास्क लावला, यंत्र वाढवलं. ओठांचा रंग परत यायला फार वेळ लागला. मग त्याने कूस बदलली. भिंतीकडे.

टर्नरबाई दारात उभी होती. मनगटं दुखत होती. आता संपलं, असं तिला वाटलं. जी एक गोष्ट त्याला उठवू शकत होती, ती आपण केली आणि तिनेच त्याला पुन्हा पाडलं.

"जुनं इंजिन परत मिळेल का हो भावोजी?"

"भंगारात वितळलं असेल कधीच. आणि मिळून काय करणार, वहिनी?"

खरंच, काय करणार होती? ती भांडी आवरायला वळली.

"अगं." मास्कच्या आतून, भिंतीला उद्देशून आवाज आला.

"काय?"

"तो दांडा. चुकीचा बसवलास. गुडघ्याला लागतो माझ्या."

"आधी सांगता आलं नाही?"

"आधी कधी ओढला होता?"

त्याने दम घेतला. "चार बोटं पुढे घे."

"चार बोटं म्हणजे किती? कुणाची बोटं?"

तोंड न वळवता त्याने चादरीतून हात मागे काढला आणि चार बोटं जुळवून धरली. नखं अजून निळी होती. टर्नरबाईने एप्रनच्या खिशातून मापाचा व्हर्नियर काढला, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि माप घेतलं.