तिसऱ्या दिवशी हात दाखवू नका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सभेत नाही, घरी नाही. मी पत्रकं लिहितो — म्हणजे दुसऱ्यांचे गुन्हे लिहितो. स्वतःचा लिहायला घेतला की पेन अडतं.

वाळूजच्या कारखान्यात आमच्या लाइनवरच्या एकाला टीबी निघाला. मग तपासणीवाले आले. शेजारी काम करणाऱ्या सगळ्यांच्या हाताला, कातडीत, बारीक सुई टोचली. तिसऱ्या दिवशी येऊन सूज मोजणार होते. नावांची यादीही केली. त्या यादीची एक प्रत ठेकेदाराच्या माणसाकडं कशाला? सांग ना — कशाला? आम्ही सगळे ठेक्यावरचे, कधीही काढता येणारे. मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं : 'तिसऱ्या दिवशी हात दाखवू नका! आज यादीत, उद्या घरी!' गेटवर उभं राहून मीच वाटलं.

तो संशय खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. गुन्हा तो नाही. गुन्हा पुढं आहे — बघ, पुन्हा वळसा घेतोय.

तिसऱ्या दिवशी सुई टोचल्या जागी माझाच हात फुगला. कडक सूज, रुपयाच्या नाण्याएवढी. भर उन्हाळ्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. शेजारी काम करायची सुमनताई — करमाडहून यायची, लेकीला एकटीनं वाढवते. तिनं बाही वर केली.

"भाऊ, हे बघ, लई फुगलंय. दाखवू का?"

"पत्रक वाचलं ना?"

"व्हय की. मग नाय जात. तू काय आमचं वाईट लिहिशील?"

त्याच संध्याकाळी मी गारखेड्यातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जंतू अंगात शिरलेत, पण म्हणजे आजार झालाच असं नाही. आधी एक्स-रे काढू. एक्स-रे साफ निघाला. मग पुढं आजार उठू नये म्हणून गोळ्या — आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. एकदाही चुकवल्या नाहीत. पिशवीत खाली गोळ्या, वर उरलेली पत्रकं.

बारा आठवडे ती माझ्या शेजारी उभी होती. एक वाक्य पुरलं असतं — ताई, यादी गेली खड्ड्यात, एक्स-रे काढ. का नाही बोललो? माझं पत्रक खोटं पडलं असतं. बस, एवढंच. मी लिहिलेलं मी पाळलं नाही, आणि तिला पाळू दिलं.

दिवाळीनंतर ती खोकायला लागली. वाळत गेली. टीबीच निघाला. नोकरी गेलीच — यादीमुळं नाही, खाड्यांमुळं.

तिच्या गोळ्या सुरू झाल्या त्या आठवड्यात मी करमाडला गेलो. ती दारात बसली होती, तोंडाला पदर लावून. लेक दोन हात लांब. मी खुर्ची जवळ ओढली.

"लांब बस भाऊ," ती म्हणाली, "तुला लागंल."

मी खुर्ची मागं सरकवली.