वाघजाईचा कौल बंद झाला त्याची गोष्ट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. देवीच्या कौलावरही नव्हता — आणि मी तर तिचा गुरव!

मुळशी धरणाच्या काठावरचं आमचं गाव. आणीबाणी उठली त्यानंतरचा उन्हाळा. सखूआक्का पुण्यात एका गोऱ्या बाईंकडे स्वयंपाकाला होती, ती गावी परतली. त्या बाई क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या. पुजारी नाही, मूर्ती नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आतून आलं तरच बोलायचं. आक्काने आपल्या ओट्यावर तशीच बैठक सुरू केली. चार बायका, दोन-तीन गडी बसायचे... मीही एकदा बसलो होतो.

अशाच एका बैठकीत आक्का बोलली, "वाघजाई आता गप्प बसनार हाय. कौल द्यायची न्हाई."

गाव पेटलं. विहिरीपासून सोयरिकीपर्यंत सगळं कौलावर चालायचं. देवळात पाटील गरजले, "बाटलीस तू! खोटं भविष्य सांगतीस?"

"त्या बाईंच्या पंथातल्या पयल्या मान्सांनाबी असंच खोटं ठरवून फटके मारले व्हते, पाटील."

"देवी गप्प बसल्यावर गुरवानं काय खायचं?" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"माज्याकडं यावं. भाकर घालीन की."

शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावायच्या. वाळून उजवी आधी पडली तर आक्का खरी, डावी पडली तर खोटी. डावी मी पाण्याने लावली. उजवी — भाताच्या खळीने.

डावी पडली. आक्काला गाव सोडावं लागलं. जाताना सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सदा, हाताला भात लागलाय रं. पूस."

लोक हसले. हात मी केव्हाच धुतले होते.

पुढच्या कौलाला दोन्ही पाकळ्या नुसत्या पाण्याने लावल्या. संध्याकाळ झाली, पडेनात. दुसऱ्या दिवशी वाळून कडक झाल्या, तरी दगडाला धरून! तेव्हापासून दर वेळी हेच. माझ्या पोराने तर टेबलफॅन लावून पाहिला. बोटाने काढली की अलगद निघते, मागे चिकट काही नाही. आपणहून मात्र एकही पडली नाही. भीती नाही वाटत... पण हात आपोआप जोडले जातात. आक्का म्हणाली तेच झालं होतं — आणि तिला खोटं पाडायला मी हात घातला, तेव्हापासूनच.

आक्का माणला बहिणीकडे वारली. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात देवळात गावासमोर खळीचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी पाकळी पडेल. नाही पडली. का, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी कोणी उठेना, कोणी बोलेना... फार वेळ. मग पाटलांचा नातू हळूच म्हणाला, "सदाआज्जा, आक्काची बैठक कुटल्या ओट्यावर भरायची?"

आक्काचं घर पडलंय, ओटा तेवढा शिल्लक आहे. मी दाखवायला उठलो. मागोमाग सगळेच उठले.