दादाचा बल्ब

माझा थोरला भाऊ जुनी यंत्रं दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांना झापतो. दोन्ही कामं तो सारखीच मन लावून करतो. एक स्क्रू सापडला नाही तर अख्खं दुकान डोक्यावर घेईल.

माझ्या स्वेटरच्या कारखान्यात त्याच्याच वयाला शोभेल असा जुनापुराणा कॉम्प्युटर आहे. सगळ्या नक्षी त्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत. एका सकाळी पडदा थरथरला आणि काळा झाला. नक्षी गेल्या असत्या तर कारखान्याला कुलूपच लागलं असतं.

दादा आला. "कशाला हात लावायचा नाही!" असं मलाच दरडावून त्यानं आतला पॉवर सप्लाय सोडवून टेबलावर घेतला. त्यातून पाच व्होल्ट स्थिर यायला हवेत. जास्त आले तर आतल्या चिप जळतात. मीटरवरचा आकडा मात्र खालीवर नाचत होता आणि सप्लाय टिकटिक करत होता. दादानं फुगलेले कपॅसिटर बदलले. आकडा नाचतोच आहे. व्होल्टेज आवरणारा भाग बदलला, तरी तेच. दुपारी तो जेवलाही नाही.

"गेलं बहुतेक," तो पुटपुटला.

माझं तोंड मात्र गप्प बसेना. "तुझा तो मोटारसायकलचा बल्ब कुठाय रे? लोकांचं तपासताना आधी तो जोडतोस. वीज खाणारं काही जोडलं नसलं की आकडा ठरत नाही, असं सगळ्यांना ओरडून सांगतोस ना?"

दादानं कपाळावर हात मारला. "तुझं म्हणून भीती वाटली ग. म्हटलं, आणखी काही जोडायला नको."

"कमाल आहे! परक्यांचं नीट, आणि बहिणीचं हे असं!"

त्यानं बल्ब जोडला. तो मिणमिणला, टिकटिक थांबली, आकडा पाचावर येऊन तिथंच राहिला. म्हणजे सप्लाय मघाशीच दुरुस्त झाला होता. दादानं सप्लाय परत बसवला, पण बटणाकडे त्याचा हात जाईना. "तूच दाब."

"मी का? जळलं तर शिव्या कुणाला घालू?"

शेवटी मीच दाबलं. पडदा उजळला, नक्षींची नावं एकेक करून आली. मी वळून बघितलं. दादा भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होता, पुसून झाला तरी पुसतच होता.

"पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलाव," तो म्हणाला. "मला नाही झेपत हे."

"इतका घाबरणारा दुसरा कुठून आणू?" मी म्हटलं, आणि त्याचं ताट वाढलं.