ओट्याखालचा मोल्ड

पोळपाटाला दाढी आली होती. रोजच्या नव्हे, रोजचा रोज वापरला जातो म्हणून वाचला. हा मोठा, पाहुणे आले की निघणारा. सिंकखालच्या कपाटातून मी तो ओढून काढला, तर त्याच्या कडेने हिरवी, मऊ, चांगली जोपासलेली दाढी. मी कपाटात डोकं घातलं. मागच्या प्लायवर काळे ठिपके, कोपऱ्यात पांढरी लव आणि भिजलेले बूट पिशवीत विसरल्यावर येतो तसला वास. तशीच उठून बाथरूममध्ये गेले आणि बेसिनखालचं कपाट उघडलं. तिथेही तीच मंडळी मुक्कामाला आली होती.

आम्ही पुण्याजवळ मोशीत चौथ्या मजल्यावर राहतो. माणसं तीन. मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे, पहाटेच अंधारात कंपनीची बस पकडते. नवरा दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला, त्याच्या शिफ्टचं गणित त्यालाच कळतं. आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. बाबा भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभं आयुष्य मोल्ड दुरुस्त करून काही महिन्यांपूर्वी रिटायर झाले होते. मोल्ड म्हणजे लोखंडी साचा. त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबलं की बादलीपासून बंपरपर्यंत पाहिजे ते निघतं. आमच्या पट्ट्यात चिखलीपासून चाकणपर्यंत ज्याला त्याला हा शब्द ठाऊक आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात झाली होती. दिवाळी झाली की आपण लातूरकडच्या गावी कायमचे राहायला जाणार, असं बाबांनी जेवताना जाहीर केलं होतं. "तिथं घर हाय, चुलतभाऊ हाय. इथं मी काय करायलोय?" नवरा म्हणाला, "बघा बाबा, तुमची इच्छा." मला त्याला लाटणं फेकून मारावंसं वाटलं. असं कुणी म्हणतं का? मला बाबा जायला नको होते, अजिबात नको होते. पण सुनेनं सासऱ्याला असलं काही तोंडावर सांगायचा आमच्या घरात रिवाज नव्हता. मी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

तर बुरशी. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून मी मोबाईलवर उपाय शोधले. तिथे सगळे 'मोल्ड मोल्ड' करत होते. मलाही तो शब्द बरा वाटला. बुरशी म्हटलं की घर घाणेरडं वाटतं, मोल्ड म्हटलं की तांत्रिक अडचण वाटते. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी अब्रू सांभाळून लिहिलं: 'आमच्या किचन आणि बाथरूमच्या कपाटात मोल्ड झाला आहे. काढण्यासाठी कुणाला काही माहिती असल्यास सांगावे.'

पहिलं उत्तर बी विंगमधून आलं. 'किती कॅव्हिटीचा आहे?'

मला कळेना. मी विचारलं, कॅव्हिटी म्हणजे? त्यावर दुसऱ्या एकाने सांगितलं, 'वहिनी, एका शॉटमध्ये किती पीस निघतात ते विचारतायत.' तिसऱ्याने फोटो मागितला, विकायचा असेल तर चिखलीत त्याच्या मेहुण्याचं वर्कशॉप आहे, तो घेईल म्हणाला. चौथा म्हणाला, काढताना लिफ्ट वापरू नका, मागे कुणीतरी जिमचं मशीन नेलं होतं तेव्हा केबल बदलावी लागली. मग सेक्रेटरींनी सूचना टाकली, की निवासी सदनिकेत कारखान्याचे साचे ठेवायला परवानगी नाही, स्लॅबला तडा गेल्यास संबंधित सभासद जबाबदार राहील. मी पुढे 'अहो, बुरशी, बुरशी' असं लिहिलं, पण तोपर्यंत ग्रुपवर लिफ्टच्या देखभालीवरून जुनं भांडण पुन्हा पेटलं होतं आणि माझी बुरशी कुणीच वाचली नाही.

त्या ग्रुपवर बाबाही होते.

संध्याकाळी दार उघडलं ते टूलरूममधल्या बाबांनी. अंगात कंपनीचा निळा शर्ट, कमरेला जुना ॲप्रन, डोळ्यांवर गॉगल. स्वयंपाकघरातली झाडून सगळी भांडी हॉलमध्ये सोफ्यावर ओळीने बसली होती. बाबांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी खुलला होता. "झालं काम," ते म्हणाले. "तुझा मोल्ड क्लिअर."

निरोपाच्या दिवशी टूलरूमच्या सहकाऱ्यांनी त्यांना शाल आणि नारळाबरोबर त्यांच्या आवडत्या स्प्रेचे दोन डबेही दिले होते. साच्यात प्लास्टिक चिकटू नये म्हणून तो मारतात. एरवी ते डबे त्यांच्या लोखंडी पेटीत देवासारखे जपून ठेवलेले असायचे. आज दोन्ही रिकामे झाले होते.

"बाबा, ही बुरशी आहे," मी म्हणाले.

"दिसतंय की मला. आंधळा हाय का मी?"

"मग हा स्प्रे?"

त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. "तू ग्रुपवर काय लिहिलंस? मोल्ड. ह्याच्यावर काय लिहिलंय? वाच."

वाचलं. मोल्डच लिहिलेलं होतं.

बुरशी मेली नव्हती हे सांगायला नकोच. ती फक्त पॉलिश केल्यासारखी चमकत होती. पण बाकी घराचं मात्र काही खरं राहिलं नाही. त्या स्प्रेत सिलिकॉनचं तेल असतं, आणि त्याला काही चिकटत नाही म्हणजे काहीच चिकटत नाही. कपाटात ठेवलेला कुकर दार उघडलं की स्वतःहून बाहेर यायचा. भिंतीचे हुक एकेक करून गळाले. बेसिनवर ठेवलेला साबण चालायला लागला. तेल फरशीवर उतरलं होतं, त्यामुळे रात्रपाळी करून आलेला नवरा चहा घ्यायला स्वयंपाकघरात शिरला तो थेट फ्रिजपर्यंत न थांबता पोहोचला. फ्रिजला मिठी मारून तो म्हणाला, "काय केलंय राव हे?" बाबा हॉलमधून म्हणाले, "फिनिशिंग बघ की." त्यांना अजूनही काम जमल्यासारखंच वाटत होतं आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

पुढचे काही दिवस मी आधी तेलाशी लढले, मग बुरशीशी. भांड्याचा साबण आणि कढत पाणी घेऊन सगळी कपाटं पुन्हा पुन्हा घासली. तेल गेल्यावर तोंडाला फडकं बांधून, खिडक्या उघड्या टाकून व्हिनेगरने पुसलं, थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि मग कोरडं केलं. ब्लीचिंग पावडरही वापरायची बाबांची फार इच्छा होती. दोन्ही एकत्र केलं तर विषारी वायू होतो, असं मी त्यांना सांगितलं. "मग जालीम असणार," ते म्हणाले. ती पावडर मी माझ्या ऑफिसच्या पिशवीत लपवली आणि चाकणला घेऊन गेले. टेबलफॅन ओट्यासमोर लावून कपाटं खडखडीत वाळवली. नवऱ्याने सिंकखालचा पाइप तपासला. गळत नव्हता. मोठ्या पोळपाटाला मात्र निरोप द्यावा लागला. त्याचं लाकूड आतपर्यंत काळं पडलं होतं.

दहाएक दिवसांत बुरशी परत आली. त्याच कोपऱ्यात, त्याच थाटात.

मी वैतागले, पण बाबा चवताळले. साचा दुरुस्त करून दिल्यावर तोच दोष परत येणं हा त्यांच्या लेखी अपमान होता. "असं वरवर पुसून भागायचं न्हाई," ते म्हणाले. "येत्या रविवारी बसू. व्हाय-व्हाय करू."

आमच्याकडे ज्याने कुणी कंपनीचं गेट पाहिलंय त्याला हे माहीत असतं. काही बिघडलं की टेबलाभोवती बसायचं आणि 'का?' विचारायचं. उत्तर आलं की त्यालाही 'का?' विचारायचं. असं पाच वेळा खणत गेलं की मूळ सापडतं. मी कंपनीत हे करून करून कंटाळलेली बाई, पण बाबांना इतकं उत्साहात बघून हो म्हणाले.

रविवारी सकाळी मी जरा उशिरा उठले. एरवी या वेळेला मी घरात नसतेच. स्वयंपाकघरात आले तर बाबा ओटा पुसत होते. रिटायर झाल्यापासून हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं आणि मला त्याचं केवढं कौतुक होतं. ओटा लखलखीत करून त्यांनी फडकं पिळलं, छान चौकोनी घडी घातली, सिंकखालचं कपाट उघडून ती ओली घडी आत ठेवली आणि दार घट्ट लावलं. मग फरशीचं फडकं घेतलं. तेही पिळून, घडी करून, बाथरूममधल्या बेसिनखालच्या कपाटात. दार बंद. या घड्या मी आत रोज बघत होते, पण त्या वाळलेल्याच समजत होते. मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी मोकळ्या ओट्याकडे पाहिलं. ऑडिटच्या दिवशी कारखान्यात एक चिंधी दिसली तर मार्क जातात, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं.

मी दारातच उभी राहिले. मूळ सापडलं होतं, आणि ते निळा शर्ट घालून माझ्यासमोर उभं होतं.

आता काय करायचं? सांगितलं तर हा माणूस एक शब्द न बोलता पेटी भरेल आणि दिवाळीचीही वाट बघणार नाही. आधीच त्यांना वाटत होतं की आपण इथं कुणाच्या उपयोगाचे नाही. आता घर नासवणारेही आपणच, हे कळल्यावर कसले राहतात? नाही सांगितलं तर जन्मभर व्हिनेगर. मी मनात व्हिनेगरचा खर्च आणि वास दोन्ही पत्करला. बुरशी परवडली.

पण दुपारी जेवणं झाल्यावर बाबा टेबलाशी येऊन बसले. नवरा कामावर गेला होता. "कर सुरुवात," ते म्हणाले. "बुरशी का आली?"

"पावसामुळे," मी म्हणाले.

"पाऊस सगळ्यांकडं पडतो. बुरशी का आली?"

"ओल होती म्हणून."

"ओल का होती? पाइप तर गळत न्हाई."

"भिंत ओली असेल. शेजाऱ्यांचं बाथरूम…"

"भिंत कोरडी हाय. हात लावून बघितलंय मी. आत काहीतरी ओलं ठेवत असणार कुणीतरी. काय ठेवतं?"

"फडकं," माझ्या तोंडून गेलं. आणि लगेच, "मीच ठेवते. सवय आहे मला. उद्यापासून नाही ठेवणार. झालं, सापडलं मूळ, चहा टाकू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पाचला घर सोडतीस. ओटा मी पुसतो."

बाबा उठून ओट्याशी गेले, सिंकखालचं कपाट उघडलं आणि सकाळची घडी बाहेर काढली. ती अजून ओलीच होती. तिला खालून कपाटातल्या बुरशीचे हिरवे ठिपके लागले होते. हातात ती घडी घेऊन ते परत टेबलाशी येऊन बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"ऑपरेटरची चूक," ते म्हणाले. "लिहून टाक."

इथे माझं डोकं सटकलं. कंपनीतही हे उत्तर ऐकलं की माझं सटकतं. "हे कारण चालत नाही, बाबा," मी म्हणाले. "ऑपरेटरची चूक असं लिहिलं तर रिपोर्ट परत येतो, तुम्हाला माहितीय. ऑपरेटरनं तसं का केलं, ते विचारायचं असतं. का ठेवता फडकी आत?"

"पसारा दिसू न्हाई म्हणून."

"कुणाला?"

"तुला. दमून येतीस. आल्या आल्या ओल्या चिंध्या कशाला बघायच्या."

माझा आवाज चढलेला होता तो तसाच राहिला, खाली आणायचं सुचलं नाही. "मी दमून येते आणि आतून कुणीतरी दार उघडतं, याचं मला किती बरं वाटतं, ठाऊक आहे तुम्हाला? माहेरी सांगवीला आम्ही सगळे कामाला. कुलूप काढूनच घरात शिरायचं. दार उघडणारं माणूस मला या घरात मिळालं. मग गावी का जायचं म्हणता?"

बाबांनी हातातली घडी उलगडली, पुन्हा घातली.

"रिटायर झालेल्या माणसाला सगळे आराम करा म्हणतात, पोरी," ते शेवटी म्हणाले. "थांब असं कुणी म्हणत न्हाई."

"थांबा," मी म्हणाले.