कापून टाकलेली शेपटं

चांद्याच्या मोजणी कचेरीत मी आकडेमोडीच्या नोकरीवर लागले, तेव्हा मुख्य गणकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, इथे डोकं चालवायचं नाही, हँडल फिरवायचं." तो माणूस मला शेवटपर्यंत आवडला नाही.

बेरजेचं यंत्र जुनं होतं. अंक दाखवणाऱ्या उजवीकडच्या छोट्या खिडक्या फुटलेल्या, म्हणून शेवटचे अंक दिसतच नसत. मोठ्या बेरजेत लहान अंतर मिळवलं की त्याच्या शेवटच्या अंकांचं शेपूट त्या फुटक्या खिडक्यांत जाई. गणकांचा हुकूम होता, शेपूट कापा. शेपूट मोठं असलं तरी आधीचा अंक एकाने वाढवणं त्यांना लबाडी वाटे.

कुरखेड्याकडच्या जंगलाची हद्द मोजून आली. मोजणी निघाली त्याच दगडाला परत येऊन मिळाली होती. आमच्या बेरजेत मात्र दोन टोकांत बांबूएवढी फट राहिली. गणकांनी मोजणीची साखळी धरणाऱ्याला कामावरून काढलं. म्हणे, साखळी ढिली धरली.

तो कचेरीत येऊन उभा राहिला.

"तुमी होते का जंगलात पाहाले?"

"आकडे खोटं बोलत नाहीत," गणक म्हणाले.

"मंग मीच खोटा काऊन?"

"बाहेर व्हा."

मी मध्ये बोलले, "साखळी सगळीकडे सारखी ढिली असती, तर आकृती नुसती मोठी झाली असती. उघडी राहिली नसती."

"तुम्हाला विचारलं कोणी?"

कोणीच नाही. आमचं शून्य, म्हणजे जिथून सगळं मोजायचं ती जागा, फार लांबच्या टेकडीवर धरलेलं, त्यामुळे प्रत्येक बेरीज मोठी. शेपूट कापलं की ती दरवेळी कमीच होणार, वाढणार कधीच नाही. शेकडो ठिकाणी बोटभर बोटभर गळलं, तर बांबू का होणार नाही? दुपारच्या सुट्टीत मी सगळी अंतरं पुन्हा बेरजेला घेतली. शेपटांची बेरीज वेगळी ठेवली आणि शेवटी मोठ्या बेरजेत मिळवली. फट वीतभर उरली.

कागद गणकांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला.

"यंत्र दुरुस्तीला पाठवा," ते शिपायाला म्हणाले. जणू हुकूम यंत्राने दिला होता.

साखळीवाला आठवड्याने कामावर परत आला. मला वाटलं, आभाराचे दोन शब्द बोलेल.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्याच बेरजेनं काढलं, तुमच्याच बेरजेनं ठेवलं. मले एकदाही कोणी पुसलं नाई."

साखळी खांद्यावर टाकून तो निघून गेला. मला राग आला. पण त्याला विचारायला मीही गेले नव्हते.